घरखर्चाची बेगमी आणि कर्जाचा खरा दर

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोल्हापुरात घर घेणे, भाड्याने घर मिळवणे आणि मुले शिकवणे या तिन्ही गोष्टी सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर चालल्या आहेत, अशा आशयाच्या बातम्या आणि वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात सातत्याने येत असतात. त्यांतील तक्रार खरी आहे. मात्र या चर्चेचा सगळा भर दरवाढीवर राहतो. वाढलेल्या खर्चाला आपली कुटुंबे कोणत्या पैशातून तोंड देतात आणि तो पैसा त्यांना किती महाग पडतो, हा प्रश्न बाजूलाच पडतो. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे सहकारी पतपुरवठ्याच्या क्षेत्रात, कर्ज विभागाच्या टेबलावर गेली आणि निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीची माणसे हप्त्यांचे कागद घेऊन घरी येत असतात. त्या कागदांवरून माझे मत असे झाले आहे की, महागाईने जेवढे पोळते तेवढेच, किंबहुना काही घरांत त्याहून अधिक, ठरावीक वेळी येणारा खर्च आयत्या वेळी कर्ज काढून भागवण्याच्या सवयीने पोळते.

शहर महाग का झाले, याची कारणे कोल्हापूरकरांना माहीत आहेत. पंचगंगेचा पूर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ज्या पातळीला गेला, त्यानंतर पूररेषेच्या आतील जमिनीकडे घर बांधण्याच्या दृष्टीने कोणी सहज पाहत नाही आणि पाहूही नये. शहराच्या हद्दवाढीचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडल्यामुळे मोकळी, पूरमुक्त आणि नागरी सोयींची जागा मर्यादितच राहिली. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले. अनेक दशकांच्या लढ्यानंतर मिळालेले हे बेंच कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या सोयीचे आहे आणि त्याचा आनंद मलाही आहे. परंतु बाहेरून येणाऱ्या वकिलांना, कर्मचाऱ्यांना आणि पक्षकारांना राहण्यास जागा लागते, हेही तितकेच खरे. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी येथील भाडे परवडत नाही म्हणून कुटुंबे कळंबा, पाचगाव, उचगाव, फुलेवाडीच्या पुढे सरकतात. तेथे भाड्यात वाचलेला पैसा दोन दुचाकींच्या पेट्रोलमध्ये जातो, कारण केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बसच्या, फेऱ्या सोयीच्या वेळी मिळतीलच असे नाही.

या जिल्ह्यात घरात पैसा येण्याची रीत पुण्या-मुंबईहून वेगळी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील कारखान्यांत पगार महिन्याला होतो, इचलकरंजीच्या मागावरच्या कामगाराचा पगार आठवड्याला होतो, दुधाचे बिल दहा दिवसांनी मिळते, उसाचे बिल हंगामात येते आणि दूधदर फरकाची रक्कम दिवाळीच्या तोंडावर हातात पडते. एकाच एकत्र कुटुंबात यांपैकी तीन-तीन प्रकारचे पैसे येतात. पूर्वी खर्चही याच चालीने होत असे. उन्हाळ्यात लक्ष्मीपुरीच्या बाजारातून वर्षाचे धान्य भरायचे, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणून, डंकावर कुटून वर्षाची चटणी करायची, डाळी उन्हात वाळवून डब्यांत भरायच्या आणि गुळाची ढेप घरात आणून ठेवायची, म्हणजे पावसाळ्यात हातात पैसा नसला तरी चूल थांबत नसे. आता घरभाडे, गॅस, वीज, मोबाइल, इंटरनेट, शिकवणी, शाळेची बस आणि कर्जाचे हप्ते हे सारे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मागितले जाते. उत्पन्न हंगामी आणि देणी मासिक, अशी ही ओढाताण आहे. हातात ऊसबिल आले की त्या महिन्यात घर श्रीमंत असते आणि जूनमध्ये तेच घर उसनवारीला निघते.

आमच्या गल्लीतील एका कुटुंबाचा हिशेब मी त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता येथे मांडतो. पती फौंड्रीत कामाला, पत्नी घरी शिवणकाम करते, दोन मुले शाळेत. दोघांचे मिळून महिन्याला सरासरी ४२,००० रुपये येतात. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या, सिलिंडर आल्याची तारीख आणि भिशीचा हप्ता, सगळे काटेकोर लिहिलेले. हिशेबात ढिलाई म्हणावी तर ती कोठेच नव्हती आणि तरीही दर वर्षी जूनमध्ये व दिवाळीआधी त्यांना कर्ज काढावे लागत होते. आम्ही जुन्या दिनदर्शिकेची पाने उलटी करून, त्यांच्या कोऱ्या बाजूवर, महिन्याला न येणारे पण वर्षात हमखास येणारे खर्च तेवढे लिहून काढले. दोन मुलांची फी, वह्या-पुस्तके आणि गणवेश ३२,००० रुपये. विम्याचा हप्ता १४,०००. दुचाकीचा विमा आणि दुरुस्ती ६,०००. घरफाळा आणि पाणीपट्टी ४,५००. गणपती, दसरा आणि दिवाळी मिळून ३०,०००. धान्य आणि चटणी २२,०००. लग्नकार्यांतील आहेर, वास्तुशांती आणि गावची म्हाई (जत्रा) १५,०००. बेरीज १,२३,५०० रुपये झाली, म्हणजे महिन्याला जवळपास १०,३०० रुपये. उत्पन्नाचा चौथा हिस्सा असलेला हा खर्च त्यांच्या मासिक हिशेबात कोठेच धरलेला नव्हता. ती बाई बराच वेळ त्या बेरजेकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे आमचा पगार बेचाळीस नव्हेच, बत्तीसच हाय की.” अर्थशास्त्राच्या वर्गात याहून नेमके वाक्य कोणी सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, महिन्याचे अंदाजपत्रक करण्यापूर्वी वर्षाचे करावे. चटणी आणि धान्याची जशी बेगमी होत असे, तशी आता जूनच्या फीची, विम्याच्या हप्त्याची आणि दिवाळीची रोख बेगमी व्हायला हवी. त्याची रीत अवघड नाही. अशा सर्व खर्चांची बेरीज करून तिला बाराने भागावे आणि पगाराच्या दिवशीच तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात वळवावी. त्या खात्याचे एटीएम कार्ड घेऊ नये आणि मोबाइलवरील पैसे पाठवण्याच्या ॲपला ते जोडू नये. ज्यांचे उत्पन्न उसाचे आहे, त्यांनी बिल जमा झाले की सोसायटीच्या पीककर्जाची वसुली वजा जाता जे हाती राहते, त्यातून आधी ही वर्षाची रक्कम बाजूला काढावी आणि मग ट्रॅक्टरचा, गाडीचा किंवा सोन्याचा विचार करावा. दुधाचे बिल बहुधा घरातील बाईच्या हाती असते आणि त्यातूनच घर चालते, त्यामुळे त्याला हात न लावता ते रोजच्या खर्चासाठी ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

भिशीविषयी शिकलेली माणसे नाक मुरडतात, ते मला मान्य नाही. तालमीत, गल्लीत, महिला मंडळात वर्षानुवर्षे चाललेली, सभासद एकमेकांना ओळखतात अशी भिशी हे शिस्तीने बचत करण्याचे साधन आहे. तिच्यावर व्याज मिळत नाही, पण दिवाळीला कर्ज काढावे लागत नाही, हाच तिचा मोठा लाभ. धोका आहे तो तिच्या नावाखाली किंवा शेअर बाजाराच्या नावाखाली थोड्या महिन्यांत दामदुप्पट देऊ म्हणणाऱ्यांकडून. असल्या योजनांत या जिल्ह्यातील निवृत्तांची, शिक्षकांची आणि शेतकऱ्यांची आयुष्यभराची पुंजी बुडालेली आपण पाहिली आहे. ठेव ठेवताना आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा आणि तो लोकांना माहीत नसतो, हे मी टेबलावर बसून अनुभवले आहे. सहकारी बँक असो की राष्ट्रीयीकृत, बँकेतील ठेवीला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण लागू नाही. पतसंस्था वाईट असतात असा याचा अर्थ मुळीच नाही, कारण गरजवंताला दारात कर्ज देणारी संस्था तीच आहे. परंतु सेवानिवृत्तीची सगळी रक्कम केवळ अर्ध्या-एक टक्का जादा व्याजासाठी तेथे एकत्र ठेवणे योग्य नाही.

आता कर्जाविषयी, आणि हाच या पत्राचा मुख्य विषय आहे. कर्ज घेताना आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो, “हप्ता किती बसेल?” व्याज कोणत्या पद्धतीने आकारले जाते, हे विचारणारा शंभरात एखादा. समजा, एखाद्याने तीन वर्षांसाठी १ लाख रुपये ‘१२ टक्के फ्लॅट’ दराने घेतले. व्याज सरळ ३६,००० रुपये धरले जाते, एकूण १,३६,००० रुपयांना ३६ ने भागले जाते आणि हप्ता ३,७७८ रुपये ठरतो. कर्जदाराला वाटते की आपला दर १२ टक्के आहे. परंतु पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जाते, तरीही व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत संपूर्ण १ लाखावरच धरलेले असते. घटत्या शिलकेवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच, हिशेब केला तर या कर्जाचा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. त्यात संस्थेच्या शेअर्सपोटी कपात, प्रक्रिया शुल्क, कर्जाबरोबर गळ्यात घातलेला विमा, हे सारे वजा होऊन हातात ९५ हजारच पडले, तर दर त्याहूनही चढा होतो. जो माणूस बँकेच्या १४ टक्के घटत्या दराला महाग म्हणून नाकारतो आणि १२ टक्के फ्लॅटवर सही करतो, त्याला आपण हजारो रुपये जादा देत आहोत याचा पत्ता नसतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात. बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरून आपण सुटलो, असे समजणाऱ्या तरुणांची मला फार काळजी वाटते.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि वित्तीय कंपन्यांना नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक केले आहे. सर्व शुल्कांसह कर्जाचा वार्षिक दर किती पडतो, हे त्या कागदावर लिहिलेले असते आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावा लागतो. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही या नियमात येतात. प्रत्येक कर्जदाराने हा कागद मराठीत मागून घ्यावा, घरी आणून वाचावा आणि मगच सही करावी. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार खात्याच्या देखरेखीखाली असल्याने त्यांना हा नियम लागू होत नाही. आणि आपल्या जिल्ह्यातील छोटे कर्ज मोठ्या प्रमाणावर तेथूनच घेतले जाते. सहकार खात्याने तसाच एक पानाचा कागद पतसंस्थांनाही सक्तीचा करावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. चांगल्या चालवलेल्या संस्थांनी त्यासाठी आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही.

हे शहर आपल्या खिशाबाबत बेफिकीर आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. टोलच्या विरोधात कोल्हापूर वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिले आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द करून घेतला. २०१९ मध्ये मटणाच्या दरावरूनही येथे आंदोलन उभे राहिले. ज्या लोकांनी हे केले, त्यांनी आपल्या कर्जाचा खरा दर काउंटरवर विचारायला संकोच का करावा? टेबलाच्या अलीकडे बसून मी जे पाहिले, ते असे की कर्ज मागणारा माणूस आधीच ओशाळलेला असतो. जामीनदार मिळवताना त्याची दमछाक झालेली असते आणि आता काही विचारले तर मंजुरी अडेल, या भीतीने तो दाखवाल तेथे सही करतो. ही भीती काढणे संस्थांच्या हातात आहे.

घरकर्जाच्या बाबतीत चित्र बरे आहे, कारण तेथे व्याज घटत्या शिलकेवर असते. तरीही मुदत ठरवताना घाई होते. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो आणि एकूण परतफेड साडेबासष्ट लाखांच्या आसपास जाते. तेच १५ वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता २९,५४२ रुपये होतो, म्हणजे साडेतीन हजारांनी अधिक, परंतु एकूण व्याजात ९ लाखांहून जास्त रकमेची बचत होते. ज्यांना एवढा हप्ता झेपत नाही, त्यांनी दिवाळीचा बोनस किंवा ऊसबिलातील शिल्लक मुद्दलात भरावी. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व भरण्यासाठी बँकेला दंड लावता येत नाही. तयार आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही, तर बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटवर तो साधारणतः ५ टक्के आहे. खरेदी घरातील स्त्रीच्या नावे झाली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. या गोष्टी ठरवताना जाहिरातीतील तरणतलावापेक्षा मागच्या दोन पुरांत त्या रस्त्यावर पाणी कोठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारणे अधिक गरजेचे आहे. पुरात बुडालेल्या घराचा हप्ता थांबत नाही.

आजारपण हे कर्जाचे दुसरे मोठे दार. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेखाली राज्यातील कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे, परंतु ते ठरलेल्या उपचारांपुरते आणि योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांतच मिळते. रुग्ण दाखल झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा शिधापत्रिका, आधार यांवरील नावे जुळतात की नाही, जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, हे आधीच पाहून ठेवावे. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकला आहे, तेव्हा ज्यांनी महाग म्हणून विमा टाळला होता त्यांनी पुन्हा विचार करावा.

शिक्षणाबाबत मी जरा अधिक पोटतिडकीने लिहितो, ते क्षमा करावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहे उभी करण्यास सुरुवात केली, तेव्हा खेड्यातील मुलाच्या शिक्षणात फीपेक्षाही राहण्या-जेवणाचा खर्च आडवा येतो, हे त्यांनी ओळखले होते. आज आपल्या मुलांना पुण्यात ठेवताना आई-बापांना तोच खर्च आडवा येतो आहे आणि त्यासाठी दागिने गहाण पडत आहेत. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे, तरी दाखले वेळेत न काढल्याने ती हुकल्याची उदाहरणे माझ्या ओळखीत आहेत. शाळांना माझी विनंती आहे की, त्यांनी पुढील वर्षाची सर्व शुल्के, बस आणि साहित्य धरून, जानेवारीतच लेखी जाहीर करावीत आणि जूनमध्ये एकरकमी मागण्याऐवजी दहा हप्त्यांत घ्यावीत. यात शाळेचे काही जात नाही आणि पालकाचे एक कर्ज वाचते.

साखर कारखान्यांनाही हेच सांगायचे आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात आणि विलंब झाल्यास १५ टक्के व्याज देय आहे. बिल महिना-दोन महिने लांबले की शेतकऱ्याच्या घरात तेवढ्या दिवसांचा संसार उसनवारीवर चालतो. त्याचे व्याज तो भरतो, पण विलंबाचे व्याज मागायला जात नाही.

संपादक महोदय, आपल्या दैनिकात रोज सोने-चांदीचे, गुळाचे आणि भाजीपाल्याचे दर छापून येतात आणि लोक ते पाहूनच बाजारात जातात. त्याच पानावर आठवड्यातून एकदा, समजा दर सोमवारी, जिल्ह्यातील बँका आणि पतसंस्थांचे वैयक्तिक, दुचाकी, सोनेतारण आणि घरकर्जाचे दर, घटत्या शिलकेवरील वार्षिक दरात रूपांतर करून आणि शुल्कांसह, एका कोष्टकात छापावेत, ही माझी विनंती आहे. ज्या संस्था माहिती देणार नाहीत, त्यांच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ एवढेच लिहावे. पहिल्या काही आठवड्यांचे रूपांतराचे हिशेब तपासून देण्याचे काम मी विनामोबदला करण्यास तयार आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर